ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ

नॉर्वेच्या मेनलँडवरचं ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन, या दोन एअरपोर्टमधलं सरळ हवाई अंतर साधारण ९५७ किमी आहे, जेटला दीड ते पावणेदोन तास पुरतात. म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमीच. पण मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशात मधला समुद्र अवाढव्य दिसतो, कारण त्यात ध्रुवाकडे जाल तसं सगळं ताणलं जातं, ७८ अंशांवर तर जवळपास पाचपट.

हिशोब घरबसल्या जमतो. ट्रॉम्सो ६९.७ अंश उत्तरेला, लाँगइयरब्येन ७८.२ वर, आणि एक अक्षांश साधारण १११ किमी धरा, की साडेनऊशेच्या आसपास आलातच. रेखांशात साडेतीन अंशांचा फरक आहे, पण तो जवळपास सोडून दिला तरी चालतं, कारण इतक्या वर रेखांश एकमेकांच्या जवळ सरकतात; मुंबईजवळ एक रेखांश १०५ किमीचा पडतो, तोच लाँगइयरब्येनला जेमतेम २३ चा.

खरी गोम वेळेत आहे. तिकिटावरच्या वेळेत विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं वगैरे धरलेलं असतं ते ठीक, पण लाँगइयरब्येनला धुकं किंवा वारा आडवा आला तर उतरायला जवळ दुसरी धावपट्टीच नाही. स्वालबार्डवरच्याच नी-ऑलेसुंड या छोट्या वस्तीची आहे, पण ती छोट्या विमानांपुरती. त्यामुळे निघतानाच मेनलँडला परत येण्याइतकं इंधन घेऊन जावं लागतं, आणि कधी कधी दीड तासाचा प्रवास तीन तासांचा होऊन माणूस पुन्हा ट्रॉम्सोलाच उतरतो. लाँगइयरब्येनचा एअरपोर्ट एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशा पट्टीत आहे. २९ ऑगस्ट १९९६ ला मॉस्कोहून खाणकामगारांना घेऊन येणारं टीयू-१५४ हे रशियन जेट विमान उतरताना धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलं आणि ऑपेरा डोंगरावर आदळलं, १४१ च्या १४१ जण गेले.

हा एअरपोर्ट १९७५ मध्ये सुरू झाला, त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद आणि गाव महिनोन्‌महिने तुटलेलं. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलीय, वरचा थर उन्हाळ्यात वितळला की ती उंचसखल होते, मग डागडुजी आलीच. टर्मिनलबाहेर शहरांची अंतरं लिहिलेला खांब आणि ध्रुवीय अस्वलाची पाटी आहे, फोटो काढल्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही. तिथून उत्तर ध्रुव १३०० किमीच्या आसपास.

आपल्या शास्त्रज्ञांची वाटही इथूनच जाते. २००८ मध्ये सुरू झालेलं भारताचं हिमाद्री स्टेशन नी-ऑलेसुंडला आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे. लाँगइयरब्येनहून पुढचा शंभरेक किमीचा टप्पा छोट्या डॉर्नियर २२८ ने अर्ध्या तासाच्या आत उरकतो. या जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवतं.

टुरिस्ट म्हणून जाणाऱ्यांनी व्हिसा नीट बघावा. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, म्हणून देशांतर्गत वाटणाऱ्या या फ्लाइटलाही पासपोर्ट तपासतात आणि भारतीय पासपोर्टवर डबल एन्ट्री शेंगेन व्हिसा लागतो, सिंगल असेल तर जाल खरं, पण मेनलँडला परत येताना अडकाल.