मोठा रावस मादीच का असतो : लिंग बदलणाऱ्या माशांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सागरी माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राच्या शिफारशींवर आधारलेल्या या आदेशामागचा विचार सरळ आहे: माशाला आयुष्यात निदान एकदा प्रजनन करता यावे आणि मगच तो जाळ्यात यावा. पापलेट किंवा सुरमईला हा हिशेब लागू पडतो, कारण त्यांच्यातला नर जन्मभर नर राहतो आणि मादी जन्मभर मादी. मुंबईच्या बाजारात मानाने विकले जाणारे रावस, जिताडा आणि हेकरू हे मासे मात्र त्यात नीट बसत नाहीत. रावस आणि जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतात व मोठे झाल्यावर मादी होतात. हेकरूच्या बहुतेक जातींत याच्या उलट घडते. म्हणजे किमान आकाराच्या नियमामुळे वाचलेल्या रावसाला एकदा प्रजनन करायला मिळेल हे खरे, पण ते नर म्हणून. ज्या आकाराला त्याच्या पोटात गाबोळी धरते, तिथवर तो पोहोचेलच असे त्या नियमाने ठरत नाही.

ही गोष्ट शास्त्राला कळायला फार काळ लागला. काही माशांमध्ये जो सापडतो तो अंड्यांसहितच सापडतो, नर दिसतच नाही, असे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले होते. १७८७ मध्ये नेपल्सच्या फिलिप्पो काव्होलिनीने हेकरूच्या दूरच्या नात्यातल्या भूमध्य सागरी माशांत अंडाशय आणि वृषण एकाच ग्रंथीत असल्याचे दाखवले. तरीही पुढे दीर्घकाळ असे मासे निसर्गातले अपवाद म्हणूनच पाहिले गेले. आपल्याकडे रावसाच्या कुळावरचे काम बरेच लवकर सुरू झाले. करंदीकर आणि पालेकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या समुद्रातील रावसाच्या अंडाशयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये नायक यांनी याच कुळातील एका लहान माशात उभयलिंगता आढळल्याची नोंद केली, आणि पी. व्ही. कागवाडे यांनी तोच धागा पुढे नेला. धक्क्यावर उतरलेले मासे चिरून, त्यांच्या जननग्रंथींचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेले हे चिकाटीचे काम आहे आणि त्याची आठवण मराठीत फारशी ठेवली गेलेली नाही, याची खंत वाटते.

लिंग बदलण्यात फायदा काय, याचे पटण्यासारखे उत्तर मायकेल गिसेलिन यांनी १९६९ मध्ये दिले. अंडी किती होणार हे शरीराच्या आकारावर ठरते, त्यामुळे जिथे लहान नराचेही शुक्र पुरेसे पडते तिथे लहानपणी नर आणि मोठेपणी मादी असणे लाभाचे ठरते. जिथे एखादा बलवान नर अनेक माद्यांवर हक्क राखतो, तिथे लहान नराला संधीच नसते. तेव्हा आधी मादी म्हणून अंडी घालावीत आणि अंगाने वाढल्यावर नर व्हावे, हे सोयीचे.

तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, रॉस रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा एक छोटा मासा तिथे एक नर आणि अनेक माद्या अशा गटाने राहतो. गटातला नर काढून घेतला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन ते अडीच आठवड्यांत तिच्या शरीरातून शुक्र बाहेर पडू लागते. १९७७ मध्ये फ्रिके दांपत्याने समुद्रफुलांत राहणाऱ्या क्लाउनफिशमध्ये याचा उलट प्रकार दाखवला. तिथे मादी गेली की तिचा नर मादी होतो. लिंग नुसत्या वयावर नव्हे, तर गटातील स्थानावरही ठरू शकते, हे यातून सिद्ध झाले. हे नाते आतून कसे जुळते, हा प्रश्न मग संप्रेरकांच्या अभ्यासकांपुढे आला.

त्याची तयारी आधीपासून होत होती. जपानमध्ये तोकिओ यामामोतो यांनी १९५३ मध्ये मेडाका या छोट्या माशाच्या पिल्लांना स्त्रीसंप्रेरक खाऊ घालून, जन्माने नर असलेल्या माशांकडून अंडी घालवून घेतली. १९६० मध्ये कॅनडात डेव्हिड आयडलर आणि सहकाऱ्यांनी सामन माशाच्या रक्तातून ११-कीटोटेस्टोस्टेरोन वेगळे केले. माणसात टेस्टोस्टेरोनला जे महत्त्व, ते बहुतेक अस्थिमय माशांत या संप्रेरकाला आहे. टेस्टोस्टेरोन दोन वाटांनी जाऊ शकते: अरोमॅटेज नावाच्या विकराने त्याचे एस्ट्राडायॉल हे स्त्रीसंप्रेरक झाले तर अंडाशय टिकतो, आणि दुसऱ्या विकरांनी ११-कीटोटेस्टोस्टेरोन झाले तर वृषण घडते. मादीचा नर होताना प्रथम अंडाशयातील अरोमॅटेज घटते, एस्ट्राडायॉल ओसरते, अंडपेशी विरून जातात आणि त्याच ग्रंथीत शुक्रपेशी उभ्या राहतात. अरोमॅटेज रोखणारे औषध दिले तर अशा अनेक जातींत मादीचा नर होतो, म्हणजे कळ इथेच आहे.

ही कळ कोण दाबते, याचा माग मेंदूपर्यंत जातो. १९९६ मध्ये गॉडविन, क्रूज आणि वॉर्नर यांनी कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याच्या रॅस माशाच्या माद्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढून टाकले आणि गटातले नरही हटवले. या माद्यांनीही नराचे वर्तन उचलले. वर्तन आधी बदलते आणि त्यासाठी जननग्रंथीची गरज नसते, हे माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण निरीक्षण आहे. याच जातीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढचा दुवा सुचवला: नर नाहीसा झाल्याच्या ताणातून वाढणारे कॉर्टिसॉल अरोमॅटेजचा जनुक मंदावण्यास कारणीभूत होत असावे, आणि त्यानंतर जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या डीएनएवरील रासायनिक खुणाच नव्याने मांडल्या जातात.

जिताड्यात मात्र बदल प्रामुख्याने आकार आणि वयाबरोबर येतो. पापुआ न्यू गिनीत आर. मूर यांनी १९७९ मध्ये याची नीट मांडणी केली; साधारण ८० ते १०० सेंटीमीटर लांबीच्या सुमारास, नर म्हणून शेवटचे प्रजनन आटोपताच, वृषणाच्या जागी अंडाशय तयार होऊ लागतो. रायगडच्या खाजणांतील तळ्यांत जिताडा वाढवणाऱ्यांसाठी या माहितीचे मोल मोठे आहे, कारण बीज तयार करायला मोठ्या, वयस्क माद्या वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बंदिस्त जिताड्याचे प्रजनन साधले, तेही अशाच माशांवर. हेकरूपालनात अडचण उलटी असते. नर मिळत नाहीत, म्हणून माद्यांना मिथाइलटेस्टोस्टेरोन हे कृत्रिम नरसंप्रेरक देऊन नर तयार करावे लागतात.

मोठे मासे उपसले की काय होते, याचे ठळक उदाहरण मेक्सिकोच्या आखातातील गॅग या हेकरूवर्गीय माशाचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे नरांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, १९९० च्या दशकात ते दोन टक्क्यांच्या आसपास आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये जिताड्याला ५८ सेंटीमीटरची खालची आणि १२० सेंटीमीटरची वरची मर्यादा आहे, ती मोठ्या माद्या वाचवण्यासाठीच. आपल्या आदेशात फक्त खालची मर्यादा आहे. वरची घालायची तर गळाने धरलेला मासा सोडून देता येतो, पण गिलजाळ्यातला, म्हणजे माशाला कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या जाळ्यातला, रावस बोटीवर येईपर्यंत बहुधा मेलेलाच असतो. म्हणून तिथे माशाची लांबी मोजण्यापेक्षा जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकाचा, कमाल आकार ठरवावा लागेल, कारण आसापेक्षा बराच जाड मासा कल्ल्यापर्यंत आत शिरतच नाही आणि सहसा सुटून जातो.