लेड पेंट डिस्क्लोजर (अमेरिका)

अमेरिकेत १९७८ च्या आधी बांधलेलं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर त्यातल्या शिसं असलेल्या रंगाबद्दल मालकाला जे काही माहीत आहे ते समोरच्याला सही व्हायच्या आधी लेखी सांगावं लागतं, ह्या फेडरल नियमाला लेड पेंट डिस्क्लोजर म्हणतात. बोलताना सगळे ‘लेड पेंटचा फॉर्म’ म्हणतात. न्यू जर्सीत नवीन नोकरीवर आलेलं मराठी जोडपं जुन्या टू-फॅमिली घराचा वरचा मजला भाड्याने घेतं तेव्हा लीजच्या गठ्ठ्यात हा कागद असतो, आणि एजंट ‘इथे इनिशियल, इथे सही’ म्हणत पानं उलटत असतो म्हणून तो बहुतेक वेळा न वाचताच पुढे सरकतो.

रंगात शिसं मुद्दाम घालायचे. आपल्याकडचे जुने रंगारी ज्याला सफेदा म्हणायचे त्यातला शिशाचा प्रकार, म्हणजे व्हाइट लेड, तेलात कालवला की रंग छान झाकतो, लवकर वाळतो आणि ऊनपावसात टिकतो, म्हणून खिडक्या, दारं, चौकटी, जिन्याचे कठडे असल्या जास्त वापराच्या ठिकाणी तो हमखास मारलेला असायचा. धड राहिलेल्या रंगाचा फारसा त्रास नसतो, खरा त्रास धुळीचा. वरखाली सरकणारी जुनी लाकडी खिडकी दरवेळी उघडताना घासते आणि तिच्या खाचेत बारीक भुकटी साचते, ती खाली जमिनीवर पडते, तिथे मूल रांगतं आणि तोच हात तोंडात घालतं. सुटलेले पोपडे चवीला गोडसर लागतात त्यामुळे काही मुलं तेही खातात. सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर ह्याचा परिणाम होतो, आणि रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेलीच नाही. २०२१ पासून सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा धरते, पण तो ‘इतकं चालतं’ असं सांगणारा नाही, इतर मुलांच्या मानाने कोणाच्या रक्तात शिसं जास्त आहे ते ओळखण्यापुरता आहे.

हे कळायला वेळ लागला असंही नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन ह्यांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचं कारण घराचा रंग आहे असं लिहिलं होतं, १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरातल्या रंगकामात व्हाइट लेड नको असा करार केला, आणि अमेरिका त्यात आली नाही. बाल्टिमोर शहराने १९५१ मध्ये आपल्यापुरती बंदी घातली, पण देशभर घरगुती रंगावर बंदी यायला १९७८ उजाडलं. बंदी नव्या डब्यांवर होती, भिंतीवर आधीच बसलेला रंग तिथेच राहिला, वर नवीन थर चढत गेले. १९४० च्या आधीच्या घरांपैकी साधारण ८७ टक्के, १९४० ते ५९ मधल्या ६९ टक्के आणि १९६० ते ७७ मधल्या २४ टक्के घरांमध्ये कुठे ना कुठे असा रंग आहे असा ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा) अंदाज आहे. म्हणून १९९२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला (सगळे त्याला टायटल टेन म्हणतात) आणि १९९६ मध्ये ईपीए आणि हड (गृहनिर्माण खातं) ह्या दोघांनी मिळून नियम लागू केले.

आता फॉर्म. वर ठरलेल्या शब्दांतली वॉर्निंग असते. खाली मालकाने दोनातली एक खूण करायची: शिशाचा रंग आहे हे मला माहीत आहे, किंवा मला काही माहिती नाही. मग तसंच शिशाच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल, आहेत ते दिले किंवा नाहीतच. त्याखाली भाडेकरू किंवा खरेदीदार इनिशियल करतो की कागद मिळाले, ईपीएचं माहितीपत्रक मिळालं, आणि एजंटही सही करतो कारण नियम पाळला जातोय हे बघणं त्याचीही जबाबदारी आहे. सही केलेली प्रत तीन वर्षं ठेवायची.

ह्यात मेख अशी की टेस्ट करणं मालकावर बंधनकारक नाही, रंग काढून टाकणं तर नाहीच. ‘माहीत नाही’ हे खरं असेल तर ते पूर्ण कायदेशीर उत्तर आहे, आणि ज्याने कधी तपासलंच नाही त्याला काही माहीत असणार कुठून? उलट ज्याने पैसे घालून तपासणी केली आणि शिसं सापडलं त्याला ते पुढच्या प्रत्येकाला सांगावं लागतं, म्हणजे न तपासण्यातच मालकाची सोय. त्यामुळे ‘नो नॉलेज’वरची खूण वाचून घर स्वच्छ आहे असं समजणं ही ह्या फॉर्मबद्दलची सगळ्यात नेहमीची चूक.

खरेदीदाराला त्यातल्या त्यात बरं आहे, त्याला स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्यायला १० दिवस द्यावे लागतात, दोघांनी लेखी ठरवलं तर कमीजास्त होतात आणि खरेदीदार हा हक्क सोडूही शकतो, जे घाईच्या मार्केटमध्ये सर्रास होतं. भाडेकरूला हे १० दिवस नाहीत. तपासणीवाला एक्सआरएफ नावाचं ड्रिलसारखं दिसणारं यंत्र चौकटीला टेकवतो आणि रंग न खरवडता आकडा येतो, चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर तो लेड पेंट.

लपवलं आणि नुकसान झालं तर तिप्पट भरपाई, शिवाय सरकारी दंड, पण तेवढ्यावरून विक्रीचा करार मात्र रद्द होत नाही. १०० दिवस किंवा कमी मुदतीचं भाडं, लिलावात गेलेली तारणाची घरं, सर्टिफाइड इन्स्पेक्टरने लेड-फ्री ठरवलेली भाड्याची घरं ह्यांना नियम लागू नाही.

काही राज्यं पुढे गेली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर मालकाला धोका दूर करावाच लागतो, आणि मूल आहे म्हणून घर नाकारणंही बेकायदेशीर. न्यू जर्सीत जुलै २०२२ पासून १९७८ च्या आधीच्या बऱ्याचशा भाड्याच्या घरांची ठराविक काळाने तपासणी होते, तेव्हा तिथे घर घेताना त्या तपासणीचं सर्टिफिकेट मागावं, ते फॉर्मपेक्षा जास्त सांगतं.

भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) अशी आहे, २०१६ चे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण हे फक्त नव्या रंगाचं. दादर-गिरगावच्या जुन्या चाळीतली खोली किंवा पुण्यातला वाडा घेताना टायटल, सोसायटीची थकबाकी, पार्किंग सगळं विचारतात, दारंखिडक्यांवर रंगाचे किती थर आहेत आणि कधीचे आहेत हे कोणी विचारत नाही, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारात त्याला रकानाही नसतो.