इंटिग्रेशन सर्व्हरवरील डिप्लॉयमेंट (मेनफ्रेम)

तयार झालेले अ‍ॅप्लिकेशन मेनफ्रेम (बँकांसारख्या संस्था वापरतात तो मोठ्या क्षमतेचा) संगणकावरच दिलेल्या आज्ञेद्वारे इंटिग्रेशन सर्व्हरवर चढविण्याच्या प्रक्रियेला डिप्लॉयमेंट म्हणतात. आयबीएमच्या झेड/ओएस कार्यप्रणालीवर हे काम ‘एमक्यूएसआयडिप्लॉय’ ही आज्ञा करते. भिन्न प्रणालींमधील संदेश स्वीकारणे, त्यांचे रूप बदलणे आणि ते योग्य स्थळी पोचविणे हे इंटिग्रेशन सर्व्हरचे कार्य होय. समजा, लातूरच्या बाजार समितीतील अडत्याने सोयाबीनची पट्टी झाल्यावर शेतकऱ्याच्या खात्यात मोबाइलवरून रक्कम पाठविली आणि त्या बँकेची खाती मेनफ्रेमवर असली, तर मोबाइलकडून आलेला संदेश तेथील कोबोल या संगणकभाषेतील प्रोग्रामला वाचता येईल अशा नोंदीत रूपांतरित करणारा ‘मेसेज फ्लो’ या सर्व्हरवर चालू असावा लागतो.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एक मत तो एमक्यूसिरीज इंटिग्रेटर या आयबीएमच्या मूळ उत्पादनाच्या पहिल्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, मागे नेते. आज्ञेच्या नावातील ‘एमक्यूएसआय’ हा उपसर्ग त्याच उत्पादनाची खूण आहे. मात्र त्या आवृत्तीचा गाभा न्यू एरा ऑफ नेटवर्क्स या कंपनीच्या नियम-यंत्रणेवर उभा होता आणि आजच्या अर्थाचा मेसेज फ्लो तीत नव्हता. तो 2000 च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आढळतो, म्हणून अनेकजण तेथून गणना करतात. तिसरा विचार केवळ मेनफ्रेमपुरता आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत डिप्लॉयमेंटची विनंती विंडोजवर चालणाऱ्या ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ या घटकामार्फत जात असे. 2005 च्या सहाव्या आवृत्तीत हा घटक झेड/ओएसवरही बसविता येऊ लागला, आणि सातव्या आवृत्तीत तो पूर्णपणे वगळून विनंती थेट ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज फ्लो चालविणाऱ्या सर्व्हरांवर देखरेख ठेवणाऱ्या घटकाकडे, जाऊ लागली. मेनफ्रेमवरील प्रथा म्हणून पाहता सहावी आवृत्ती हाच आरंभबिंदू अधिक सयुक्तिक वाटतो, कारण विनंतीचा सारा प्रवास मेनफ्रेमच्या आत राहणे तेव्हापासून शक्य झाले. नववी आवृत्ती (2013) इंटिग्रेशन बस या नावाने आली. तीत ब्रोकरला ‘इंटिग्रेशन नोड’ आणि एक्झिक्युशन ग्रुपला ‘इंटिग्रेशन सर्व्हर’ ही नावे मिळाली.

डिप्लॉय होणारी वस्तू ‘बार’ फाइल या नावाने ओळखली जाते. ती झिप स्वरूपाची असून तीत अ‍ॅप्लिकेशने, लायब्ररी आणि त्यांचे गुणधर्म सांगणारी एक्सएमएल वर्णनफाइल असते. चाचणी व प्रत्यक्ष वापर या दोन ठिकाणी संदेशांच्या रांगांची (क्यू) वा डेटाबेसची नावे वेगळी असली, तरी बार फाइल पुन्हा बांधावी लागत नाही. स्वतंत्र आज्ञेने तेवढेच गुणधर्म बदलून घेता येतात.

बार फाइल विकासकाच्या संगणकावर तयार होते आणि मेनफ्रेमच्या युनिक्स फाइलप्रणालीत नेली जाते. बहुतेक अडचणींचे मूळ या टप्प्यावर असते. अक्षरे आकड्यांत साठविण्यासाठी विकासकाचा संगणक आस्की संकेत वापरतो, तर मेनफ्रेम परंपरेने इब्सिडिक. प्रत्येक झिप फाइलच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरे असतात; आस्कीत त्यांची मूल्ये 80 व 75, तर इब्सिडिकमध्ये 215 व 210 आहेत. एफटीपी या फाइल पाठविण्याच्या पद्धतीने फाइल पाठविताना बायनरी पद्धत निवडली नाही, तर ही अक्षरेच नव्हे तर फाइलीतील प्रत्येक बाइट मजकूर समजून बदलला जातो आणि ती झिप म्हणून उघडतच नाही. याउलट जॉबचा (मेनफ्रेमला एकत्रित सोपविलेल्या कामाचा) जेसीएल, म्हणजे त्या कामाच्या सूचनांचा, मजकूर मात्र आस्कीतून इब्सिडिकमध्ये रूपांतरित होऊनच जावा लागतो. शेतकऱ्याचे नाव देवनागरीत पाठवायचे असल्यास प्रश्न निराळा असतो. देवनागरीसाठी इब्सिडिकचे 1137 हे सांकेतिक पृष्ठ आहे, परंतु कोणता संदेश कोणत्या संकेतात वाचावा हे मेसेज फ्लोला सांगावे लागते. डिप्लॉयमेंटने ते आपोआप ठरत नाही.

झेड/ओएसवर ही आज्ञा बहुधा ‘बीआयपीडीपीएलवाय’ नावाच्या नमुना जॉबमधून दिली जाते. प्रशासक त्यात नोडचे नाव, सर्व्हरचे नाव व बार फाइलचा मार्ग भरून जॉब सबमिट करतो. युनिक्स शेलमध्ये तीच आज्ञा टंकित करता येते. तरीही बँकेच्या कामासाठी जॉब हाच मार्ग श्रेयस्कर आहे, कारण जॉब कोणाच्या युजर आयडीखाली चालला आणि आज्ञेने काय उत्तर दिले हे दोन्ही स्पूलमधील (जॉबचे निकाल साठविण्याच्या जागेतील) आउटपुटमध्ये वाचता येते.

आज्ञा स्वतः काही बदलत नाही, ती विनंती पोचवून उत्तराची वाट पाहते. प्रत्यक्ष बदल इंटिग्रेशन सर्व्हर करतो. वाट पाहण्याचा कालावधी ठरविता येतो. न दिल्यास तो 60 सेकंद धरला जातो. हा कालावधी उलटून आज्ञा परतली म्हणजे डिप्लॉयमेंट फसलेच असे नव्हे, ते पुढेही चालू राहून पूर्ण होऊ शकते. म्हणून अशा वेळी घाईने जॉब पुन्हा सबमिट करण्याआधी नोडच्या लॉगमधील संदेश पाहणे आवश्यक ठरते. ‘बीआयपी4041’ हा त्रुटीसंदेश आढळल्यास विनंती नाकारली गेली असून सर्व्हरची रचना पूर्ववत आहे असे समजावे. सामान्यतः डिप्लॉयमेंट वाढीव स्वरूपाचे असते, म्हणजे बार फाइलीत नसलेल्या जुन्या वस्तू सर्व्हरवर तशाच राहतात. त्या सर्व काढून नव्याने बसविण्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि तो विचारपूर्वक वापरावा लागतो. झेड/ओएसवर प्रत्येक इंटिग्रेशन सर्व्हर स्वतंत्र अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये (स्मृतीच्या वेगळ्या कक्षेत) चालत असल्याने एकावरील डिप्लॉयमेंटमुळे दुसऱ्यावरील संदेश थांबत नाहीत.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना या तंत्राची ओळख सहसा पदवीच्या अभ्यासक्रमात होत नाही. पुणे किंवा हैदराबाद येथे नोकरीस लागल्यावर होते. 2018 पासून हे उत्पादन अ‍ॅप कनेक्ट एंटरप्राइझ या नावाने पुढे आले. त्यात नोडविना स्वतंत्र इंटिग्रेशन सर्व्हर चालविण्याची सोय असून बाराव्या आवृत्तीत (2021) ‘आयबीइंट डिप्लॉय’ ही नवी आज्ञा जोडली गेली आहे.