पांढरा किडा: पिठ्या ढेकूण की त्याला खाणारी अळी?

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की हात लगेच फवारणीच्या पंपाकडे जातो. आधी नीट बघा. तिथे पिठ्या ढेकूण (मिलीबग) असतोच, पण त्यालाच खाणारी क्रिप्टोलिमस ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळीही असू शकते, आणि मेण दोघांच्याही अंगावर पांढरंच. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. आज द्राक्षबागायतदार तो विकत आणून बागेत सोडतात.

पाय मोजून उपयोग नाही, दोघांनाही सहाच. आकार आणि चाल बघा. ढेकणाची मादी साधारण ३-४ मिलिमीटर, लंबगोल, चपटी, पीठ भुरभुरल्यासारखी. सोंड खुपसून ती घोळक्यात बसते. हिराच्या काडीने डिवचलं तरी जेमतेम सरकते. अळी मात्र १३ मिलिमीटरपर्यंत वाढते. तिच्या अंगावर मेणाचे लांब, वाकडेतिकडे झुपके असतात. डिवचली की चालू लागते.

घोटाळा होतो तो लहान अळ्यांपाशी, कारण त्या ढेकणांएवढ्याच दिसतात. अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन मिनिटं एकाच जागी धरा. ढेकणांची नुकती निघालेली पिल्लंही फिरतात, पण ती अर्ध्या मिलिमीटरच्या आतली आणि जवळजवळ बिनमेणाची. पांढरे झुपके घेऊन भराभर चालते ती अळी.

प्रौढ ढालकिड्यावर ठिपके नसतात, म्हणून तोही नाहक मारला जातो. तो जेमतेम ४ मिलिमीटरचा, काळपट. डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. साबणाचं पाणीसुद्धा त्यांच्या मऊ अंगाला सोसत नाही. कापसासारखे पुंजकेही पुसू नका; ढालकिड्याची मादी ढेकणांच्या त्या अंडपिशव्यांतच अंडी घालते. बंदोबस्त करायचा तो मुंग्यांचा. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि अळ्यांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या पट्टी टाळून तिकडून चढतात.

एकही अळी नसेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण घोटून संध्याकाळी फवारा. आखडलेल्या शेंड्यांच्या आत आणि पानांच्या खालून द्रावण पोचायला हवं. अंडपिशवीच्या मेणातून ते आत शिरत नाही. म्हणून आठवड्याने, नवी पिल्लं बाहेर पडल्यावर, पुन्हा फवारा. त्याआधी अळ्या आल्यात का, तेही पुन्हा तपासा.