हवेत शिकायचं काय?

प्रवेशाच्या दिवसांत काटोलकडचे एक संत्रा बागायतदार मुलीला घेऊन आमच्या विभागात आले होते. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन हवं होतं आणि पुढे वायरलेसमध्येच काही करायचं होतं. वडिलांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सर, वायरलेस म्हणजे हवेतूनच जाते ना जी ते? मंग हवेत शिकाचं काय?"

हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गातही क्वचितच कुणी विचारला असेल. फोन कारखान्यात बनतो, टॉवर ठेकेदार उभा करतो, मधलं अंतर मात्र कुणी बनवलेलं नसतं. त्यात इमारती, झाडं, पाऊस, येणारी-जाणारी माणसं असं जे असेल ते असतं. या मधल्या अंतराला आम्ही 'चॅनेल' म्हणतो. वायरलेसचा बहुतेक सगळा अभ्यास या चॅनेलचा स्वभाव ओळखण्याचा आणि त्याच्याशी जुळवून घेण्याचा आहे.

तो स्वभाव किती कठीण असतो ते आकड्यांत पाहू. तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉट शक्तीने बोलतो. ती शक्ती टॉवरकडे जाताना चहूकडे पसरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की हाती येणारी शक्ती चौथाई होते. जमिनीवरून परतणारी लाट मूळ लाटेत मिसळू लागली की नियम आणखी कडक होतो आणि दुप्पट अंतरावर सोळावा हिस्साच उरतो. टॉवरच्या अँटेनापर्यंत पोहोचेस्तोवर कधी कधी वॉटचा दहा लाख कोटीवा भाग शिल्लक असतो. म्हणजे निघालेल्या दोन लाख कोटी हिश्श्यांपैकी एक हिस्सा पोहोचतो, आणि तेवढ्यावर तुमच्या आईचा आवाज ओळखू येतो. इतकी वर्षं शिकवूनही हा आकडा फळ्यावर लिहिताना मला भरून येतं.

नुसती शक्ती घटली असती तरी काम सोपं होतं. खरी अडचण अशी की लाट एकटी येत नाही. सीताबर्डीच्या मेन रोडवर उभे राहा. टॉवरकडून निघालेली लाट समोरच्या दुकानाच्या काचेवरून, मागच्या भिंतीवरून, थांबलेल्या बसच्या पत्र्यावरून वेगवेगळ्या वाटांनी तुमच्यापर्यंत येते. सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून एका लाटेचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच क्षणी येऊन दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १६.७ सेंटिमीटर, तिचं निम्मं म्हणजे आठ सेंटिमीटरच्या आसपास. फोन चार बोटं सरकवला की गेलेला आवाज परत येतो, तो यामुळे. लोक बोलता बोलता नकळत एक पाऊल बाजूला होतात, तेव्हा ते लाटांच्या खड्ड्यातून बाहेर येत असतात.

आता हेच वर्धा रोडवर पाहा. तिथे खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मेट्रोत तुम्ही सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकता, म्हणजे आठ-आठ सेंटिमीटरचे अडीचशेहून जास्त चढउतार एका सेकंदात पार करता. तेवढ्या वेळा चॅनेल बदलतो आणि तेवढ्याच तत्परतेने फोन आणि टॉवरला तो पुन्हा पुन्हा मोजत राहावं लागतं. यासाठी प्रत्येक संदेशात मधे मधे आधीच ठरलेली खूणचिन्हं पेरलेली असतात. खूण कशी पाठवली ते दोघांनाही माहीत असतं, त्यामुळे ती कशी पोहोचली यावरून वाटेत काय घडलं ते कळतं.

प्रतिध्वनीचा त्रास वेगळाच. ३०० मीटर जास्त लांबीच्या वाटेने आलेली लाट एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते, आणि अक्षरं भराभर पाठवली असतील तर मागच्या अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर पडतो. खोल विहिरीत वाकून घाईघाईने बोललं तर खालच्याला काही कळत नाही. सावकाश बोललं, प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबलं, तर कळतं. ४जीने नेमकं हेच केलं. वेगवान प्रवाह एकट्याने पाठवण्याऐवजी तो १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेल्या शेकडो संथ लहरींवर वाटून दिला. त्यांतलं एक अक्षर सुमारे ६७ मायक्रोसेकंद टिकतं आणि त्याच्या आधी जवळजवळ ४.७ मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवलेली असते. दीड किलोमीटरच्या जरा आत येणारी जास्तीची वाट या मोकळिकीत जिरून जाते.

हे कुठवर ताणता येईल, याची सीमा अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच आखून ठेवली. चॅनेलची रुंदी, म्हणजे वापरायला मिळणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, आणि संदेशाचं गोंगाटाशी, म्हणजे त्यात मिसळणाऱ्या नको असलेल्या खळबळीशी, असलेलं प्रमाण माहीत असेल, तर त्यातून बिनचूक किती माहिती जाऊ शकते ते त्यांच्या सूत्रातून निघतं. त्यातली एक गोष्ट मुलांच्या लवकर गळी उतरत नाही. समजा, संदेश गोंगाटाच्या हजारपट आहे. तेव्हा प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला साधारण दहा बिट जाऊ शकतात. शक्ती दुप्पट केली तर वीस नाही, अकरा जातील. रुंदी दुप्पट करून संदेश-गोंगाटाचं प्रमाण तेवढंच राखलं तर मात्र माहिती दुप्पट जाते. स्पेक्ट्रमच्या लिलावात एवढा पैसा का ओतला जातो, त्याचं मूळ या गणितात आहे.

मग रुंदी आणि शक्ती तेवढीच ठेवून वेग वाढवायचा तर काय करायचं? इथे मला आरोग्यस्वामी पॉलराज यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायचं आहे, कारण आपल्या मुलांना ते ठाऊक नसतात. मूळचे तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे पॉलराज कोवळ्या वयात खडकवासल्याच्या एनडीएत आले. लोणावळ्याला नौदलाच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करून त्यांनी नौदलात नोकरी केली आणि १९७१ च्या युद्धानंतर भारतीय जहाजांसाठी देशी सोनार, म्हणजे पाण्याखाली ध्वनीने शोध घेणारी यंत्रणा, उभी करण्याचं काम हाती घेतलं. समुद्रात ध्वनीच्या लाटाही पृष्ठभागावरून आणि तळावरून परतत अनेक वाटांनी येतात. पुढे स्टॅनफर्डला गेल्यावर त्यांनी अनेक अँटेना वापरून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळे प्रवाह पाठवण्याची कल्पना मांडली. तिचं पेटंट १९९४ चं. ज्या अनेक वाटांना आम्ही शत्रू समजत होतो, त्याच वाटा वेगवेगळ्या असल्यामुळे प्रवाह निरनिराळे ओळखता येतात. या तंत्राला मायमो म्हणतात. आज ते तुमच्या घरातल्या वायफायमध्ये आहे, ४जीत आहे, ५जीत तर आहेच. २०१४ मध्ये त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला.

नागपुरात हे शिकायचं कुठे, असंही पालक विचारतात. व्हीएनआयटी १९६० पासून आहे, बुटीबोरीकडची ट्रिपल आयटी २०१६ ची, आणि हिंगणा रोड-वर्धा रोडवर कॉलेजं भरपूर आहेत. माझा आग्रह संस्थेपेक्षा गणिताबद्दल जास्त असतो. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि फूरिए (लाटेची तिच्यातल्या फ्रिक्वेन्सींत फोड करण्याचं गणित) हे तिन्ही पक्के असले तर बाकीचं चढत्या पायरीने येतं. ते कच्चे राहिले तर पदवीनंतरही ५जी हा नुसता शब्दच राहतो.

त्यांच्या जोडीला हाताने काहीतरी पकडायला हवं. डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला एक स्वस्त यूएसबी डोंगल असतो. त्यातून कच्चे रेडिओ नमुने थेट संगणकात घेता येतात हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं, आणि साध्या कॉलेजातल्या मुलांनाही खऱ्या लाटा हाताळायला मिळाल्या. नागपूरला त्यासाठी एक देणगी लाभली आहे. आपण देशाच्या मध्यावर असल्यामुळे दिल्लीहून दक्षिणेला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारी विमानं आपल्या डोक्यावरून किंवा आसपासून जातात. जवळजवळ प्रत्येक प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा सांगत असतं. संदेश ११२ बिटांचा असतो आणि त्याला कुलूप नसतं. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान जमिनीवरून रेडिओला सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत 'दिसू' शकतं. मुलं गच्चीवर अँटेना लावतात, ते बिट उलगडणारा प्रोग्राम स्वतः लिहितात आणि पहिलं विमान नकाशावर उमटलं की जे ओरडतात, तो आवाज खालच्या मजल्यावर येतो. प्रसारण करायला मात्र परवाना लागतो. त्याचे प्रयोग आम्ही परवानामुक्त पट्ट्यांत किंवा लाटा बाहेर न जाऊ देणाऱ्या खोलीत करतो.

संशोधनाबद्दल माझं एक ठाम मत आहे. आपल्याकडचे बरेच प्रबंध संगणकाबाहेर पडतच नाहीत. चॅनेल पुस्तकात दिलेल्या सांख्यिकीय नियमाप्रमाणे वागतो असं धरायचं, नवी युक्ती लावायची, चुकांचा आलेख थोडा खाली आला की लेख लिहायचा. त्यातलं गणित खरं असतं आणि ते आलंच पाहिजे. पण तो चॅनेल कुठला? मोबाइल जाळ्यांच्या आखणीत वर्षानुवर्षं वापरलेलं, अंतरानुसार लाट किती क्षीण होते ते सांगणारं एक प्रसिद्ध प्रतिमान ओकुमुरा यांनी टोकियोच्या परिसरात केलेल्या मोजमापांवर उभं आहे. ती मोजमापं १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हाता यांनी १९८० मध्ये ती सूत्रांत बसवली. काम अतिशय दर्जेदार आहे. पण टोकियोत संत्र्याचे बगीचे मोजायला कुणी गेलं नव्हतं.

आणि विदर्भाचं आपलं असं बरंच काही आहे. उन्हाचंच घ्या. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नेट उन्हामुळे मंदावतं का, असं मुलं विचारतात. उष्णतेमुळे सर्किटमध्ये होणारा गोंगाट केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश म्हणजे २८३ केल्विन, मेच्या दुपारचे ४५ म्हणजे ३१८. वाढ जेमतेम १२ टक्के, अर्ध्या डेसिबलची. म्हणजे या गोंगाटावर ठपका ठेवता येत नाही. उन्हात खरे हाल होतात ते यंत्रांचे, त्यांना थंड ठेवणं महाग पडतं. पावसाची गोष्ट उलटी आहे. घरच्या डिशवर येणारी लाट अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मोठे थेंब तिला बऱ्यापैकी शोषतात, विखुरतात, म्हणून ऐन पावसात टीव्ही जातो. मोबाइलच्या लांब लाटांना तोच पाऊस फारसा जाणवत नाही.

बागेत मात्र खरी गुंतागुंत आहे. ओलिताचं भान ठेवायला मातीतल्या ओलाव्याचे छोटे सेन्सर लावतात. ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात अधूनमधून दोन शब्द बोलतात आणि बॅटरीवर वर्षानुवर्षं चालावेत अशी अपेक्षा असते. त्या लाटेची लांबी ३५ सेंटिमीटर, संत्र्याच्या पानाच्या कितीतरी पट. एकेक पान तिला अडवू शकत नाही, पण पानातलं पाणी तिची ऊर्जा थोडी थोडी खातं आणि अशी हजारो पानं एका झाडावर असतात. ५जीच्या २६ गिगाहर्ट्झची लाट तर सव्वा सेंटिमीटरहूनही लहान, पानाहून आखूड. तिला एक फांदीही पुरते. आता यात शेतकऱ्याचं वेळापत्रक घाला. मृग बहारासाठी बगीचा उन्हाळ्यात ताणावर सोडतात, पाणी तोडतात, पानं मलूल होतात, काही गळतात. पाऊस आला की नवती फुटते आणि झाड पाण्याने भरतं. म्हणजे एकाच बागेतला, त्याच दोन खुंटांमधला चॅनेल बहाराबरोबर बदलायला हवा. किती बदलतो, हे मोजायला तिथेच जावं लागतं.

ती काटोलची मुलगी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी गेली तेव्हा आम्ही तिघे-चौघे तिच्या बगीच्यात मोजायला गेलो. मे महिना होता, बाग ताणावर होती. एका खांबावर प्रसारक (ट्रान्समीटर) बांधला आणि लाट पकडणारा रिसीव्हर बांबूला लावून ओळीओळीने पुढे गेलो. प्रत्येक ठिकाणी पोहोचलेल्या शक्तीचा आकडा एकदा झाडाच्या पोटाच्या उंचीवर घ्यायचा आणि एकदा बांबू शेंड्याच्या वर उचलून. वर उचलला की आकडा सुधारायचा, खाली आणला की पडायचा. तिचे वडील वहीत रकाने आखून आकडे लिहून घेत होते. दुपारपर्यंत त्यांना कुठल्या झाडामागे आकडा पडेल याचा अंदाज येऊ लागला होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघत होता.

निघताना मी म्हटलं, भाऊ, हे सगळं पुन्हा एकदा मोजावं लागेल, याच खांबावरून.

"मृगाचं पाणी पडलं का या मंग," ते म्हणाले. "झाड पाल्यानं भरलं का पाहा, काय होते ते."

मुलीने वहीचं पुढचं पान उघडून तेच रकाने पुन्हा आखले आणि तारखेच्या जागी लिहिलं, 'मृगानंतर'.