भाषांतर, प्रताधिकार आणि मुक्त परवाने

एखाद्या साहित्यकृतीचे भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा हक्क भारतात मूळ प्रताधिकार (कॉपीराइट) धारकाचा असतो (प्रताधिकार अधिनियम १९५७, कलम १४). परवानगीने झालेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचा वेगळा प्रताधिकार निर्माण होतो.

भाषांतराचा हा हक्क भारतात उशिरा रुजला. १८४७ च्या अधिनियमात भाषांतराविषयी स्पष्ट तरतूद नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १८९० च्या सुमारास आणि पुन्हा १८९५ मध्ये भाषांतर म्हणजे प्रताधिकारभंग नव्हे, असा कौल दिला. दुसऱ्या खटल्यात मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या उर्दू भाषांतराचा वाद होता. १९१४ च्या अधिनियमाने हक्क मान्य केला, पण प्रथम प्रकाशनापासून दहाच वर्षे. त्या मुदतीत लेखकाने एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले वा करवले, तर त्या भाषेपुरता हक्क पुढेही टिके. देशी भाषांना इंग्रजी ज्ञान खुले व्हावे म्हणून दहा वर्षांच्या मर्यादेची ही सवलत दिली, असे म्हटले जाते. ते अपुरे वाटते, कारण ती ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतींपुरतीच होती. लंडनच्या पुस्तकांना ती लागू नव्हती. दहा हा आकडा प्रताधिकाराविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारावरून आला असावा. १९५७ मध्ये मर्यादा गेली; तिच्या जागी, सात वर्षांत एखाद्या भाषेत भाषांतर न निघाल्यास त्या भाषेतील भाषांतराच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय आली (कलम ३२).

मुक्त परवाने म्हणजे ठरावीक अटींवर कृतीचा वापर सर्वांना खुला करणारे परवाने. ते तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये निघाले. ‘बाय-एसए’ (श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा) परवान्याखालील मजकुराचे भाषांतर प्रसिद्ध करताना तोच किंवा सुसंगत परवाना द्यावा लागतो. मूळ लेखकाचे नाव आणि मजकुरात बदल केल्याची नोंदही लागते. विकिपीडियावर ही नोंद बहुधा संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा देऊन केली जाते. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेली कृती वाटू नये) ही अट असल्यास, या परवान्यांच्या २०१३ च्या ४.० आवृत्तीनुसार, भाषांतर स्वतःपुरते करता येते, वाटता येत नाही. ही अट फक्त शब्द बदलण्यापुरती आहे, हा समज चुकीचा आहे.

जो हक्क आपला नाही तो परवान्याने देता येत नाही. हयात लेखकाच्या पुस्तकाचा भाषांतरकार त्याच्या संमतीशिवाय भाषांतर मुक्त करू शकत नाही. साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) हयातीत प्रकाशित झालेले लेखन मात्र २०११ पासून प्रताधिकारमुक्त आहे. त्याचे नवे भाषांतर कोणालाही करता येते, पूर्वी झालेले भाषांतर उचलता येईलच असे नाही.

मुक्त परवान्याचे एक उदाहरण म्हणजे, गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये ‘बाय-एसए’खाली खुला केला.