‘आनंद करा’ : कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांतल्या एका वाक्यामागचा इतिहास

मराठीत आनंद होतो. मला आनंद झाला, आईला आनंद वाटला, पोराला नोकरी लागली आणि घरात आनंदीआनंद झाला. आपल्या भाषेत आनंद हा पाहुणा आहे. आला तर आला, त्याला आवतण धाडता येत नाही. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांत मात्र, बहुतेक वेळा नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, एक वेगळंच वाक्य दिसतं : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ भाकरी करावी, पेरणी करावी, तसा इथे आनंद करायचा आहे. लहानपणी मला हे वाक्य चुकीचं मराठी वाटायचं. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘होईल म्हणून वाट बघत बसलो असतो, तर आपल्या घरात तो कधी झालाच नसता.’ तिच्या या उत्तराला बरीच जुनी पार्श्वभूमी आहे.

हे वाक्य बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातलं. पत्र लिहिताना पौल कैदेत होता. परंपरेनुसार ही कैद रोममधली, इसवी सन ६० ते ६२ च्या सुमाराची. खटल्याचा निकाल सुटकेचा लागेल की मरणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. पत्राचं निमित्तही साधंच. फिलिप्पै गावच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली होती, त्याची ही पोच. चार अध्यायांच्या या छोट्या पत्रात आनंद, आनंद करणे, बरोबरीने आनंद करणे असे शब्द सोळा वेळा येतात. पण याच पत्रात दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की एपफ्रदीत मरता मरता वाचला, आणि देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आनंद करा म्हणणारा माणूस स्वतःचं दुःख लपवत नाही. पुढे चौथ्या अध्यायात तो म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. ‘शिकलो’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जन्मतः हसतमुख असणाऱ्याला हे शिकावं लागलं नसतं.

आणि हे पत्र ज्यांना लिहिलं, त्यांनी हा धडा डोळ्यांनी पाहिला होता. फिलिप्पै गावातच पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ही हकिगत आहे : मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. पाठीचे वळ अजून ओले असतील.

मराठी वाचकाच्या हाती ही पुस्तकं यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं आणि १८११ मध्ये नवा करार. कोल्हापुरात ते शब्द माणसाच्या तोंडून ऐकू आले त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम केलेले रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापूर संस्थानात आले. वाइल्डर यांची तब्येत नाजूक आणि स्वभाव हट्टी. शाळा चालवाव्यात की फक्त उपदेश करावा, यावरून मायदेशातल्या त्यांच्या मंडळाशी वाद झाला. मंडळाशी नातं तुटलं, तरी वाइल्डर १८६१ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापूरला परतले आणि मंडळाच्या आधाराशिवाय काम करत राहिले. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. पुढे कोडोली, पन्हाळा, सांगली, मिरज, रत्नागिरी, वेंगुर्ला असा त्याचा पसारा झाला. कोल्हापुरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

पण मिशनरींचा इतिहास लिहून ठेवलेला असतो. ज्यांनी ते शब्द घेतले त्यांचा फारसा नाही. आपल्या भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांत बरेचसे लोक महार आणि मांग समाजातले होते. १८७६-७७ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ, आणि मधे प्लेग. गावं ओस पडायची, माणसं माळावर झोपड्या बांधून राहायची. या काळात मिशनने पोरकी मुलं बोर्डिंगमध्ये घेतली, धान्य वाटलं. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. भुकेल्या आईने लेकरू जगवलं, यात लाज कसली, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. शिवाय धान्य संपल्यावरही ही माणसं मंडळीत राहिली. बाप्तिस्मा घेतल्याने भावकी तुटायची, आणि गावचा पाणवठा तर आधीही त्यांचा नव्हता आणि नंतरही झाला नाही. असल्या घरात ‘सर्वदा आनंद करा’ हे वाक्य भिंतीवर गेलं.

ते वाक्य टिकलं, याचं कारण माझ्या मते ते गाता आलं. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीतं परक्या चालींवर बेतलेली असत. शेतातून आलेल्या बाईच्या तोंडी ती बसत नसत. नारायण वामन टिळकांनी हे बदललं. १८६१ चा जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा, त्यामुळे घर तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. हा पूल दुःखाच्याच नदीवर बांधलेला आहे. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, दुकान बुडालं, आणि त्यानंतर त्यांनी देवाला सांगितलं की दिवाळं निघालं ते बरंच झालं. पौलाचं पत्र मराठी माणसाला परकं वाटलं नाही, त्याची जमीन अशी आधीच नांगरलेली होती. आजही ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात.

पंडिता रमाबाईंचं काम केडगावचं, पण त्यांचं नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतात. दुष्काळी भटकंतीत आई-वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. आपण ज्यातून गेलो ते त्यांना ओळखू आलं होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. आनंद ‘करणं’ म्हणजे काय, हे मला भाषांतराच्या टेबलाशी बसलेल्या त्या बाईंकडे पाहून जितकं कळतं, तितकं प्रवचनांतून कळत नाही.

आजारपणाचा धागाही यात आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. कोल्हापुरात मेरी वानलेस हॉस्पिटल आहे. आमच्या कितीतरी घरांतल्या मुली परिचारिका झाल्या, त्याचं मूळ इथलं. रात्रपाळी करून सकाळी उपासनेला येणाऱ्या या बाया ‘सर्वदा’ या शब्दाचा अर्थ चांगला जाणतात.

स्वातंत्र्यानंतर अडचणींचं रूप बदललं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. गावाच्या लेखी जात तीच, सरकारी कागदावर सवलत नाही. दाखल्यासाठी खेपा घालून दमलेल्या तरुणाला कुणी नुसतं ‘आनंद कर’ म्हटलं, तर त्याला राग येईल, आणि तो रास्त आहे. बायबलमध्येही रडायला जागा आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. आमच्याकडे मयताच्या घरी पहिली प्रार्थना सभा होते, तेव्हा आधी बाया मोकळेपणाने रडतात, मग कुणीतरी पेटी पुढे ओढतं. हा क्रम कुणी शिकवलेला नाही, पण तो बरोबर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहून कुजला. पहिल्या पुरानंतर आमच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण आला. या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी सण पुढे ढकलावा, असं काही जणांचं म्हणणं होतं. पाळकांनी ढकलला नाही. त्यांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला : अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. वाचताना ते मधेच थांबले; समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे गोठे खरोखर रिकामे होते.

वेदीपुढे फार काही नव्हतं. माळावरच्या तुकड्यातल्या पाटीभर भुईमुगाच्या शेंगा, दोन दुधी, अंड्यांची एक टोपली. शेंगांची पाटी आणणाऱ्या काकांचा खालचा सगळा ऊस गेला होता. पाटी पहिल्या बोलीला गेली, घेणाऱ्याने ती पुन्हा वेदीवर ठेवली, दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. दिवेलागणीपर्यंत तीच पाटी विकली जात होती. शेवटची बोली काकांनीच लावली, आणि शेंगा पोरांत वाटून टाकल्या.